पोस्टरची शेवटची ओळ

ती चोरी आठवली की आजही मला आधी हसू येतं, आणि मग थोडा वेळ कोणाशी बोलावंसं वाटत नाही.

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. लासलगावहून कांदा भरून निघालेला ट्रक वाटेतच गायब झाला, तेव्हा त्याच्यामागे परराज्यांतही भटकलो. लग्नकार्यात लोक भेटले की असल्याच गोष्टी सांगा म्हणतात. मला मात्र एका कागदाच्या चोरीची गोष्ट सांगावीशी वाटते, आणि ती कोणी विचारत नाही. म्हणून लिहून ठेवतो. नावं कोणाचीच देणार नाही. माणसं नाशकातच आहेत, त्यांची पोरंबाळं आहेत. पोस्टरवरची नावंही मी बदलली आहेत.

तेव्हा मी शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपली होती आणि ठाणे अंमलदार रात्रीच्या नोंदी वाचून दाखवत होता. तेवढ्यात गंगापूर रोडकडच्या एका मोठ्या हॉटेलचे मालक तणतणत आत आले. या हॉटेलात लग्नांचा हॉल आहे. मालकांना जुन्या वस्तूंचा भारी शौक. हॉलकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये त्यांनी जुने रेडिओ, पितळी बंब, सायकलचे दिवे असं सगळं मांडून ठेवलं होतं, आणि मधोमध काचेच्या फ्रेममध्ये एका व्हरायटी शोचं जुनं पोस्टर. भंगारवाल्याकडून उचललेलं, पण त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढायला पाहुण्यांची रांग लागायची म्हणे. आदल्या दिवशी हॉलमध्ये रिसेप्शन होतं. सकाळी झाडूवाल्या बाईला ती फ्रेम भिंतीकडे तोंड करून टांगलेली दिसली. काच शाबूत होती, आतला कागद तेवढा गेला होता.

आमचे जुने हवालदार माझ्या कानाशी पुटपुटले, "साहेब, आता रद्दीच्यासुद्धा फिर्यादी घ्यायच्या का?" मालकांनी ते ऐकलं असावं. कारण ते बाहेर पडले आणि थोड्याच वेळात मला वरून फोन आला. मग काय, गुन्हा दाखल झाला आणि तपास मी माझ्याकडेच ठेवला.

पोस्टर कसं होतं ते मालकांनी मोबाइलवर दाखवलं. वर ठळक अक्षरांत 'येत आहे, येत आहे', त्याखाली कंपनीचं नाव आणि व्हरायटी थिएटर. नाच, नकला, जादूचे प्रयोग, तारेवरची कसरत, आणि सहकुटुंब पाहण्याची नम्र विनंती. मध्ये लाल-निळ्या रंगात झालरीचा फ्रॉक घातलेली एक हसरी तरुणी, एक पाय वर उचललेला. तिच्याखाली नाव, मिस चंचला नामपूरकर. अशा फिरत्या कंपन्या पोस्टरं एकदम छापून घ्यायच्या आणि गावासाठी एक चौकोन मोकळा सोडायच्या, जिथे मुक्काम पडेल ते नाव त्यात शाईनं भरायचं. या चौकोनात 'मनमाड' लिहिलं होतं. त्याच्या खालचा भाग फोटोत दिसतच नव्हता. तिथे मालकांनी हौसेनं पितळी बंब ठेवला होता आणि बंबात मनीप्लँट लावला होता.

पॅसेजमध्ये कॅमेरा होता. मला वाटलं, झालं आपलं काम. फुटेज लावलं तर दिवसभर नुसता झेंडू. डेकोरेशनवाल्यांनी कॅमेऱ्यावरूनच एक जाडजूड माळ सोडली होती. हवालदार म्हणाले, हे नेहमीचंच आहे साहेब, लग्न असलं की आपले सगळे कॅमेरे फुलांत जातात. मलाही ते पटलं. मग आम्ही जुन्या नाशकातले भंगारवाले पाहिले, जुन्या वस्तूंचे दोन-चार शौकीन गाठले. कोणाकडे काही नव्हतं. एका शौकिनानं तर मलाच विचारलं, सापडलं तर विकणार का.

खबर मिळाली ती हॉटेलच्याच वॉचमनकडून. हा सटाण्याकडचा माणूस. चहाच्या टपरीवर हवालदारांच्या शेजारी येऊन बसला आणि आधी वचन घेतलं की मालकाला काही कळता कामा नये. मग म्हणाला की एक म्हातारी अधूनमधून दुपारची यायची. मळकट नाही, भीक मागणारी नाही. ती अहिराणीत बोलली, आपल्याकडची निघाली, म्हणून हा तिला बाजूच्या दारानं आत सोडायचा. ती सरळ त्या पोस्टरपुढे जायची आणि याला बंब बाजूला सरकवायला लावायची. मग म्हणायची, भाऊ, शेवटची ओळ वाच. यानं वाचली की म्हणायची, परत वाच. दोनदा ऐकलं की जायची.

ओळ काय होती, असं हवालदारांनी विचारलं. वाजवणाऱ्या लोकांची नावं होती, आता ध्यानात नाहीत, एवढंच तो सांगू शकला. पण म्हातारी मखमलाबादच्या बसनं येते आणि तिच्या घरचा फुलांचा मळा आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. एकदा ती त्याच्यासाठी पदराच्या टोकाला बांधून शेवंती घेऊन आली होती.

मळा सापडायला वेळ लागला नाही. आम्ही साध्या कपड्यांत गेलो. गुलाबाचे वाफे, पलीकडे झेंडू, आणि पत्र्याच्या शेडमध्ये बायका माळा ओवत बसलेल्या. त्यांच्यात मधोमध ती म्हातारी. तिला सगळे आक्का म्हणत होते, म्हणून मीही आक्काच म्हणतो. घराला रंग लागत होता. बोलता बोलता कळलं, नातीचा साखरपुडा तोंडावर आलाय.

मी पोलीस आहे म्हणून सांगितलं आणि पोस्टर चोरीला गेल्याचं बोललो. आक्कांच्या हातातली सुई थांबली.

"गेला? कोणी नेला?"

मला ठाऊक नाही म्हटल्यावर त्यांनी सुई माळेत खोचून ठेवली. मग डोळ्याला पदर लावला. शेजारच्या बायकांना काही कळेना. सूनबाई धावत आल्या, आणि त्यांच्या बोलण्यातून निघालं की आक्का घरी सांगून जायच्या ते डोळ्यांच्या दवाखान्यात जाते म्हणून. घरच्यांना वाटत होतं, म्हातारीची नजर चाललीय.

तेवढ्यात मुलगा आला. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, बोलायला नम्र. आम्ही कशासाठी आलोय ते त्यानं ऐकलं, आईकडे एकदा पाहिलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, असल्या चोरीला शिक्षा कितीची बसते?"

इतक्या वर्षांत एक गोष्ट मी पाहिली आहे. ज्याची वस्तू गेली किंवा ज्याचा जीव त्या वस्तूत आहे, तो विचारतो कोणी नेली. शिक्षा किती, हा प्रश्न त्याला सुचत नाही. तो प्रश्न सुचणारा माणूस वेगळा असतो. मी त्याला म्हटलं, बघू, आणि बाहेर आलो. अंगणात त्याचा टेम्पो उभा होता. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, फ्लॉवर डेकोरेशन, लग्न व सर्व शुभकार्यासाठी.

जीपमध्ये बसल्या बसल्या माझ्या डोक्यात झेंडू शिरला. ठाण्यात येऊन फुटेज पुन्हा लावलं. कॅमेरा होता पॅसेजच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. तिथे ना पाहुणा बघतो, ना फोटोवाला. फुलांच्या धंद्यातला माणूस फूल जपून वापरतो. जिथे कोणाची नजर जात नाही तिथे एवढी जाड माळ सोडायला त्याला वेड लागलंय का? हॉटेलात फोन केला. त्या रिसेप्शनचं डेकोरेशन याच माणसाचं होतं, आणि हॉटेलचं बहुतेक काम वर्षानुवर्षं त्याच्याकडेच होतं.

त्याला जबाबासाठी बोलावलं. आला तो वेळेवर. मी चहा मागवला. दमदाटी करणारे अधिकारी मी पाहिलेत आणि त्यांच्या केसेस कोर्टात कशा पडतात तेही पाहिलंय. माझी पद्धत साधी, माणसाला बसवायचं आणि बोलू द्यायचं. त्याच्या बोटांना झेंडूचा पिवळा डाग होता, तो अंगठ्यानं घासत बसला.

"कॅमेऱ्यावरची माळ कोणी टांगली?" मी विचारलं.

"पोरांनी टांगली असेल साहेब. कामाच्या घाईत कोण बघतं."

"ठीक आहे. मग तुमच्या पोरांना बोलावतो. एकेकाला."

त्यानं कप खाली ठेवला. "पोरांना नका बोलावू. ती हातावर पोट असलेली आहेत. माळ मीच टांगली. कागदही मीच काढला."

मग सगळं बाहेर आलं. तो हसरा फोटो त्याच्या आईचा होता. आक्का तरुणपणी त्या व्हरायटी कंपनीत होत्या. बाप मनमाडला तापानं वारला तेव्हा हा मांडीवरचा. आक्कांनी कंपनी सोडली, पोराला नामपूरला मामाकडे ठेवलं आणि स्वतः नाशकात मळ्यांवर मजुरीला लागल्या. पोर थोडं मोठं झाल्यावर त्याला घेऊन आल्या. मामानं बजावून ठेवलं होतं, कंपनीचं नाव पुन्हा काढायचं नाही. त्यांनी ते काढलंही नाही. पण नामपूरच्या शाळेतल्या पोरांना कोण आवरणार?

"साहेब, शाळेत मला माझ्या नावानं कोणी हाक मारली नाही. 'मिसचा' म्हणायचे. मिसचा आला, मिसचा गेला. मला त्याचा अर्थ कळायलाच लई दिवस लागले."

हे बोलताना तो पन्नाशीचा माणूस पुन्हा बोटांवरचा डाग घासू लागला.

हॉटेलमालकांनी ते पोस्टर लावलं त्या दिवसापासून तो त्या पॅसेजमध्ये पाठ करून काम करायचा. ते खपवूनही घेतलं असतं. पण मुलीचं स्थळ आलं लासलगावचं, कांद्याच्या व्यापाऱ्याचं घर, माणसं चांगली. त्यांनीच साखरपुड्याला हॉटेल ठरवलं, आणि ठरवलं तेही नेमकं हेच. आता लासलगावचे पाहुणे त्या पोस्टरपुढे उभे राहून फोटो काढणार. त्यांच्यातला एखादा म्हातारा ते नाव ओळखणार. नामपूरकर कोण, विचारणार. आणि त्यावर मिस लिहिलेलं.

"मनमाड लिहिलंय त्यावर, साहेब. म्हणजे मी तेव्हा जन्मलेलो होतो. आणि खाली मिस. पोरीच्या सासरचे काय समजतील?"

जबाबात वडिलांचं नाव आणि धंदा लिहावा लागतो. मी विचारलं, वडील काय करायचे. तो म्हणाला, पेटीवर होते, मनमाड स्टेशनात. पार्सलच्या पेट्या चढवायचे. लासलगावकरांनाही त्यानं तसंच सांगितलं होतं, वडील रेल्वेत होते. मीही निमूट लिहून घेतलं. आमच्या जिल्ह्यात पेटी म्हटली की द्राक्षाची, नाहीतर रेल्वेच्या पार्सलची. तिसरं काही माझ्या मनात आलं नाही.

कागद कुठे आहे, विचारलं. म्हणाला, दाखवतो. पंचांसमोर त्याचं निवेदन घेतलं आणि निघालो. पंच मी मुद्दाम शहरातून नेले. शेजारच्या मळ्यातले पंच घेतले असते तर संध्याकाळपर्यंत मखमलाबादभर झालं असतं, आणि दुसऱ्या दिवशी लासलगावला.

शेडच्या आढ्याला मांडवाचे पाइप बांधलेले होते. त्यातला एक प्लॅस्टिकचा जाड पाइप त्यानं खाली काढला, तोंडातला बोळा ओढला आणि आतून गुंडाळी बाहेर सरकवली. जुन्या धोतराच्या तुकड्यात व्यवस्थित गुंडाळलेली. मी त्याला विचारलं, लपवायचंच होतं तर जाळून का नाही टाकलं? तो म्हणाला, पालापाचोळ्याच्या ढिगावर ठेवलं होतं. काडीही ओढली. पण आईचा फोटो आहे हो, कसा जाळणार. काडी विझवली.

ज्या बाकावर माळा ओवतात त्यावर आम्ही पोस्टर पसरलं आणि चारही कोपऱ्यांवर फुलांच्या पाट्या ठेवल्या. मजूर बायकांना हवालदारांनी आधीच वाफ्यांकडे पाठवलं होतं. आक्का कुठून आल्या कळलं नाही. दारात उभ्या राहून त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं, मग पोस्टरकडे.

"तू नेला?"

त्यानं मान खाली घातली. बरंच काही पुटपुटला. तुझा फोटो, पाहुणे, पोरगी, लोक. आक्कांनी ऐकून घेतलं. मग त्या बाकापाशी आल्या, त्या हसऱ्या तरुणीकडे बोट केलं, आणि इतकी वर्षं नाशकात काढलेली बाई एकदम आपल्या नामपूरच्या बोलीवर गेली.

"तो फोटू मना नही शे."

फोटो त्यांचा नव्हताच. माझ्या शेजारचा पंच उगाच खोकला.

आक्का म्हणाल्या, ही बाई कोण ते देवाला ठाऊक. छापखान्यात तिचा एक तयार ठसा होता. सर्कस आली तरी हीच बाई, जादूगार आला तरी हीच, आम्ही आलो तरी हीच. कंपनीकडे प्रत्येकाचा फोटो काढून ठसा करायला पैसा कुठे होता? खाली नाव तेवढं बदलायचं. आणि दुसरं म्हणजे त्या नाचायच्याच नाहीत.

"मी नकला करायचे. नऊवारी नेसून. स्टेशनमास्तराची, सावकारीणबाईची, भांडखोर विहिणीची. लोकं हसून हसून खाली बसायचे. पाय वर करायला मला जमलं असतं का?"

मुलानं विचारलं, आणि मिस? त्याचं उत्तर त्यांनी सहज देऊन टाकलं. कंपनीतल्या सगळ्या बायांना मिसच लिहायचे, तशी रीतच होती. त्यांच्यातली एक तर आजी झालेली होती, तीही मिस. हे ऐकून हवालदार हसले आणि लगेच गप्प झाले. पोरगा मात्र हसला नाही. त्याच्या अंगाला त्या एका शब्दानं किती वर्षं चटके दिले होते, ते मी नुकतंच ऐकलं होतं.

"मग तू बघायला कशाला जायचीस?" त्यानं विचारलं.

आक्कांनी बोट उचललं आणि पोस्टरच्या अगदी तळाला, कडेच्या नक्षीला लागून असलेल्या बारीक अक्षरांवर ठेवलं. त्यांना वाचता येत नव्हतं. पण बोट बरोबर जागेवर पडलं. ही जागा त्यांना छापखान्यातून पहिला गठ्ठा आला तेव्हा कोणीतरी दाखवली होती. मागे एका लग्नाला त्या हॉटेलात गेल्या होत्या, तेव्हा तेच पोस्टर भिंतीवर त्यांच्या नजरेला पडलं होतं.

"हे ऐकायला. वाच."

तो वाकला. अक्षरं पुसट होती. त्यानं मोठ्यानं वाचलं, "पेटीवर, मास्टर सोनू नामपूरकर. तबल्यावर..." आणि थांबला. परत मागे गेला. "पेटीवर."

मग आईकडे बघून म्हणाला, "माय, तू म्हणायचीस, बाप पेटीवर होता."

"मग? पेटीवरच व्हता. काय खोटं सांगितलं का मी?"

"मला वाटलं, स्टेशनातल्या पेट्या."

"तुला स्टेशन कोण म्हणलं?"

कोणीच म्हटलं नव्हतं. बाप पेटीवर होता आणि मनमाडला वारला, एवढंच आईनं सांगितलं होतं. लहान पोरानं मनमाड म्हणजे स्टेशन आणि स्टेशन म्हणजे पार्सल, असं जुळवून टाकलं. मामानं ते ऐकलं आणि बरंच झालं म्हणून मान हलवली. बाजाची पेटी त्या घरात कोणी पाहिलीच नव्हती. बाप गेल्यावर ती मनमाडलाच राहिली. आणि आक्का कंपनीचं नाव काढायचं नाही हा शब्द पाळत राहिल्या. बाप नावाचा माणूस कधी होता, याचा दुसरा काही पुरावा त्या घरात नव्हता. फोटो नाही, वस्तू नाही. जगात त्याचं नाव छापलेलं असं एवढंच, त्या बंबामागे. आणि पोरानं तेच पाचोळ्यावर ठेवून काडी ओढली होती. वाचलं ते परक्या बाईच्या फोटोमुळे, आईचा समजून.

तो खाली बसला आणि रडला. आक्कांनी त्याला रडू दिलं. त्या त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या, पण बघत होत्या पोस्टरकडे.

आम्हाला आमचं काम होतंच. जप्तीचा पंचनामा लिहायला घेतला. मुद्देमालाचं वर्णन लिहिताना, नंतर ओळख पटावी म्हणून, खाणाखुणा टिपाव्या लागतात. एरवी मी लिहिलं असतं, जुनं पोस्टर एक, त्यावर बाईचं चित्र. त्या दिवशी हवालदारांना सांगितलं, त्यावर जे जे छापलंय ते सगळं उतरवा, शेवटच्या ओळीसकट. लिहून झाल्यावर पंचनामा पंचांना वाचून दाखवायचा असतो. तो मीच वाचला. शेवटची ओळ आली तशा आक्का म्हणाल्या, "परत वाचा, साहेब." मी परत वाचली. सरकारी कागद मला कोणी पुन्हा वाचायला लावल्याचं हे पहिलंच उदाहरण.

आणि मग त्या बाईनं काय करावं? पदर सारखा केला, मान ताठ केली, आणि हुबेहूब माझ्या आवाजात, माझ्यासारखंच प्रत्येक शब्दावर ठेचकाळत म्हणाल्या, "सदर पोस्टर हे, जुने, वापरते, कडा जीर्ण झालेले." पंच हसले, हवालदार तर पाठ फिरवून हसले. मुलगा ओल्या डोळ्यांनी आईकडे बघत राहिला. पन्नास वर्षांत त्यानं तिला नक्कल करताना पाहिलं नव्हतं.

पुढचं कायद्यानं झालं. गुन्हा असा होता की अटक करायलाच हवी असं नव्हतं. त्याला नोटीस देऊन सोडलं. पोस्टर मुद्देमाल म्हणून ठाण्यात आलं. आक्कांचा निरोप आला की उंदरांपासून जपा, म्हणून कारकुनानं ते कपाटाच्या वरच्या खणात ठेवलं. हॉटेलमालकांना मी समोर बसवून सगळं सांगितलं. आधी ते म्हणाले, चोरी ती चोरी. मग शेवटची ओळ ऐकली आणि बराच वेळ मोबाइल उलटसुलट करत राहिले. न्यायालयात त्यांनी तडजोड केली. पण पोस्टर माझंच, एवढं मात्र ठासून सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. मी आक्कांना विचारलं, मालकांशी बोलून बघू का, तुम्हाला घरी हवं का? त्यांनी मलाच वेड्यात काढलं. पोस्टर घरात ठेवतात का कोणी, ते भिंतीवरच पाहिजे, चार माणसांनी बघायला.

साखरपुडा त्याआधीच झाला. मला आमंत्रण होतं, मी साध्या कपड्यांत गेलो. पॅसेजमधली भिंत मोकळी होती. फोटो काढण्यासारखं तिथे काही नव्हतं, म्हणजे त्या माणसाला जे हवं होतं ते आपोआप झालेलं. गप्प राहिला असता तर कोणालाच काही कळलं नसतं. जेवणाआधी बैठकीत लासलगावच्या एका वडीलधाऱ्यानं सहज विचारलं, तुमचे वडील रेल्वेत कुठल्या खात्यात होते? मी बघत होतो. त्यानं आधी आईकडे पाहिलं.

"रेल्वेत नव्हते. माझाच घोळ झाला होता. व्हरायटी कंपनीत पेटीवर होते. बाजाच्या पेटीवर. आणि आई तिथंच नकला करायची."

एक-दोघांच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्या जेवणापर्यंत टिकल्या. विचारणारे गृहस्थ मात्र पुढे सरकून आक्कांना म्हणाले, कुठली कंपनी हो? आमच्या यात्रेला यायची का? आक्कांनी नाव सांगितलं आणि तिथून पुढे त्या दोघांचं जे बोलणं चाललं, त्यात नवरा-नवरी बाजूलाच राहिले. लग्न ठरल्याप्रमाणे झालं.

त्या केसपासून मला एक सवय लागली, आणि हाताखालच्या लोकांनाही मी ती लावली. साक्षीदार साधा, रोजचा शब्द बोलला की थांबायचं आणि विचारायचं, म्हणजे काय? अवघड शब्द माणूस स्वतःच समजावून सांगतो. सोप्या शब्दात आपण आपल्याला माहीत असलेलं भरतो आणि पुढे जातो. एका मुलानं तसं केलं आणि त्याला बाप असून नसल्यासारखा झाला. तो शब्द त्यानं मलाही सांगितला होता आणि मीही तो तसाच जबाबात उतरवला होता. माझ्या हाताखालची मंडळी कंटाळायची, म्हणायची साहेब फार खोदतात. खोदू द्या म्हटलं.

निवृत्तीनंतर मध्यंतरी त्याच हॉटेलात एका लग्नाला गेलो होतो. कॅमेरा नेहमीसारखा झेंडूत बुडालेला. पोस्टर परत भिंतीवर आलं होतं आणि बंब पलीकडे हलवला होता. डेकोरेशनचं काम आटोपून तो माणूस तिथे उभा होता. शेजारी खुर्चीवर आक्का, आता खूपच वाकलेल्या. मी मागेच थांबलो.

"वाच," त्या म्हणाल्या.

त्याची कामाची घाई असावी. समोर हॉलकडे बघतच त्यानं ओळ म्हणून टाकली.

"तोंडपाठ नको," आक्का म्हणाल्या. "बघून वाच."

तेव्हा तो पिवळ्या बोटांनी काच धरून खाली वाकला, आणि बापाचं नाव त्यानं बघून वाचलं.